एक सूत वरचं

तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या अंगाला एक जुनी सोसायटी आहे. तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली जो लोखंडी स्टँड आहे तो केरबाने केलेला. टाकी मध्यंतरी बदलली, स्टँड तसाच राहिला. तो काढून नवा बसवावा असं एकदा कमिटीच्या मनात आलं होतं, पण काढायला आलेले वेल्डर दिवसभर घाम गाळून परत गेले. केरबाच्या हातचं काम असंच असायचं. ते निखळायचं नाही, आणि कुणाला हलवताही यायचं नाही. पुतण्याच्या लेकरासाठी त्याने पाळण्याचा आकडा करून दिला, तेव्हा त्याची बायको भागुबाई तो हातात तोलत म्हणाली होती, "अवं, पाळण्यात पोरगं निजायचंय का म्हस?"

केरबा फिटर. ट्रेलर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्याने उभी नोकरी काढली. तिथे मापं मिलिमीटरमध्ये आली, कॉम्प्युटरवर आली, पण केरबाच्या तोंडातून सूत काही गेलं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती बोल्ट सांगितला की केरबा तीन सुती काढायचा, तीन सांगितला की चार. विचारलं की म्हणायचा, "एक सूत वरचं बरं आसतं." पुढे पुढे कारखान्यात त्याचं नावच 'एकसूत' पडलं.

लोक त्याला मजबूत कामाचा माणूस म्हणायचे. खरं सांगायचं तर केरबा घाबरट माणूस होता. नोकरीच्या आधी उमेदवारीवर असताना एका वर्कशॉपात त्याच्या डोळ्यांसमोर जॅकची पिन सटकन मोडली आणि शेजारी काम करणाऱ्या दत्तोबाची दोन बोटं गेली. पिन नको तेवढी बारीक होती, एवढंच. दत्तोबा पुढे चारचौघांसारखा जगला, संसार केला, अजूनही भेटला की तीन बोटांचा हात वर करून हसत 'जयभीम' घालतो. पण केरबाच्या छातीत त्या दिवशी जे धडधडलं ते थांबलंच नाही. दाराला एक कडी असली की त्याला दोन हव्यात. गॅसचं बटण बंद आहे का हे तो बघायचा, भागुबाईला बघायला लावायचा आणि मग पुन्हा जाऊन हात लावून यायचा. भीती वाटली की त्याचा हात आपोआप पान्याकडे जायचा. एखादी वस्तू आवळून घट्ट केली की थोडा वेळ बरं वाटायचं.

पण माणसं पान्याने आवळता येत नाहीत. केरबाची मुलगी रेणुका तळेगावातच एका कंपनीत क्वालिटीला होती. मागच्या वर्षी तिचा साखरपुडा झाला, देहूरोडच्या स्थळाशी. आणि पत्रिका छापायच्या बेतात असताना मोडला. लग्नानंतर नोकरी सोडायची असं त्या लोकांनी मधेच काढलं, रेणुका नाही म्हणाली, आणि त्यांनी फोन उचलणं बंद केलं. केरबा दोनदा देहूरोडला जाऊन आला. दारात उभं राहून हात जोडून आला. उपयोग झाला नाही. सोसायटीत, विहारात, बाजारात, जो तो हळू आवाजात एकच वाक्य बोलायचा. "केरबाच्या पोरीचं मोडलं."

रेणुका रडली नाही, भांडली नाही. ती कामावरून यायची, जेवायची, आत जायची आणि दार लावून घ्यायची. पिवळ्या रंगाचं ते प्लायवूडचं दार केरबाने स्वतः बसवलेलं होतं. त्याला चार बिजागऱ्या होत्या, जिथे दोन पुरल्या असत्या. आता त्या जड दारासमोर तो घुटमळत राहायचा. आत फॅनचा आवाज यायचा, बाकी काही नाही. "पोरगी मनाला लावून घिऊन बसली," तो भागुबाईला म्हणायचा. भागुबाई म्हणायची, "बसंल थोडं दिस. तुमी नका दाराला कान लावू." पण तिचाही जीव थाऱ्यावर नव्हता.

मग एक दिवस आतून घासल्याचा आवाज आला. पॉलिशपेपरचा. फिटरच्या कानाला तो लगेच कळला. केरबाने धीर करून दार ढकललं. रेणुका जमिनीवर बसली होती आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या हलक्या लाकडाची पट्टी होती.

"काय करतीस गं?"

"विमान," ती म्हणाली. "रिमोटवर उडणारं. कंपनीतल्या एकाने लोणावळ्याला उडवताना दाखवलं. मला करून बघायचंय."

कित्येक महिन्यांत ती एवढी वाक्यं सलग बोलली नव्हती. केरबा बाहेर आला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्याला. त्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

ते पहिलं विमान उडालं आणि पडलं. लोणावळ्याजवळच्या कुसगावच्या पठारावर रेणुका एकटीच गेली होती. संध्याकाळी पिशवीत तुकडे घेऊन परत आली. केरबाने ते टेबलावर मांडून पाहिले. पंख पोटावर बसवायला दोन नायलॉनचे पांढरे बोल्ट होते, ते दोन्ही मोडले होते. डोकी एकीकडे, दांड्या एकीकडे. केरबा त्या डोक्यांकडे बघतच राहिला. त्याला जॅकची पिन आठवली. रेणुका तोवर आत गेली होती आणि दार लागलं होतं.

त्या लागलेल्या दाराची त्याने धास्ती घेतली. केरबाने मनाशी हिशोब लावून टाकला. बोल्ट मोडला म्हणून विमान पडलं, विमान पडलं म्हणून दार लागलं. पुन्हा बोल्ट मोडला तर पुन्हा दार लागेल, आणि या खेपेला उघडायचं नाही.

दोनतीन दिवसांनी रेणुका दुसरं विमान करताना दिसली, तेव्हा तो तिच्या आसपास फिरू लागला. तिने एक छोटा डिजिटल काटा आणला होता, सोनाराकडे असतो तसा. एकेक खिळा, एकेक स्क्रू ती त्यावर ठेवायची. लोखंडी बाजूला, नायलॉनचा घ्यायचा. नायलॉनचा लांब वाटला तर कटरने टोक उडवायचं आणि पुन्हा काट्यावर. शेपटीची पाती हलवायला तार नको म्हणून तिने काळी कार्बनची काडी आणली, उदबत्तीएवढी बारीक. बिजागऱ्यांच्या जागी चक्क चिकटपट्टी लावली. खाली चाकं होती ती फोमची, फुंकर मारली तर घरंगळतील अशी.

भागुबाई दारातून म्हणाली, "बया, मव्हरी तोलतीया का पोरगी?"

केरबाला मात्र हसू येत नव्हतं. त्याने आयुष्यभर वस्तूत भर घातली होती, आणि इथे ही पोरगी उचलून उचलून बाहेर टाकत होती. चिकटपट्टीची बिजागरी तर त्याने अंगठ्याने दाबून पाहिली.

"आगं, ह्ये पंखाला पुन्यांदा प्लास्टिकच लावतीस व्हय?"

"नायलॉन आहे, आप्पा."

"लोखंडाचा न्हाई का मिळत?"

"मिळतो. जड असतो."

"आसू दी की जड. धरील तरी."

"तो धरेल हो. पण विमान नको का उडायला?" ती हसून म्हणाली, आणि काट्यावरचा आकडा बघत बसली. तिचं हसू पाहून केरबाने विषय सोडला. त्या हसण्याला धक्का लागू नये, एवढंच त्याला वाटत होतं. वाद घातला असता तर तिने सगळं समजावून सांगितलं असतं. पण केरबा वाद घालणारा माणूसच नव्हता. तो आपला न बोलता आवळणारा.

शुक्रवारी विमान तयार झालं. पांढरं, पंखांच्या टोकांना निळा रंग. रेणुकाने दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून ते उचललं. विमान तिच्या बोटांवर तराजूसारखं समतोल राहिलं. ना नाक खाली, ना शेपूट. "जमलं," ती म्हणाली आणि विमान कपाटावर ठेवलं. रविवारी कुसगावला जायचं ठरलं. शेजाऱ्यांची मागची सीट काढलेली ओमनी मिळणार होती, म्हणून पंख सोडवायची गरज नव्हती.

"ह्या वेळी पडलं तर?" केरबाने जेवताना विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

"पडलं तर पडलं," रेणुका म्हणाली. पण ते ताटाकडे बघत म्हणाली, आणि केरबाला त्यात नको ते ऐकू आलं.

शनिवारी दुपारी रेणुका शिफ्टला गेली आणि भागुबाई विहारात बायकांच्या बैठकीला. केरबाने कपाटावरून विमान उतरवलं. नायलॉनचे दोन्ही बोल्ट काढून त्याने पोलादी लावले. भोकं बारीक होती म्हणून जाडी तीच ठेवावी लागली, पण लांबीला एक सूत वरचा घेतला, आणि खालून आणखी एक नट आवळला, नटाखाली वायसर. मग डोक्यांना पांढरा ऑइलपेंट लावला. लपवायला नव्हे, गंज धरू नये म्हणून, असं त्याने स्वतःला सांगितलं. हात एकदा लागला की केरबाचा थांबत नाही. शेपटीखालच्या छोट्या चाकाची तार त्याला केसासारखी वाटली. ती काढून त्याने सायकलचा स्पोक वाकवून बसवला, वर पत्र्याची पट्टी मारली आणि पट्टी अरल्डाइटने चिकटवली. काढलेले नायलॉनचे बोल्ट मात्र त्याने टाकले नाहीत. केरबा काहीच टाकत नसे. बामच्या रिकाम्या डबीत घालून ते त्याने शर्टाच्या खिशात ठेवले. त्या दुपारी, पुष्कळ दिवसांनी, त्याला गाढ झोप लागली.

रविवारी सकाळी रेणुका कपाटाकडे हात करू लागली, तोच तो मधे आला. "तू गाडी काढ. इमान मी आणतो." ओमनीच्या मागच्या मोकळ्या जागेत तो मांडी घालून बसला आणि विमान मांडीवर आडवं घेतलं. रेणुका चालवत होती. जुन्या हायवेला कामशेतच्या पुढे रस्ता उकरून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्याला केरबा विमानासकट उचलला जाई आणि मनात म्हणे, बरं झालं पोलादी लावले. तरी मांडीला विमान जड लागत होतं. आधी ते किती हलकं होतं हे त्याला आठवेना, कारण काल कपाटावरून उतरवताना त्याचं सगळं लक्ष बोल्टांकडे होतं. तेव्हाच पहिल्यांदा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

पठारावर वाळलेलं पिवळं गवत होतं आणि लांब धुक्यातून नागफणीचा सुळका वर आला होता. थंडी होती. तिथे संदेश नावाचा कुसगावचाच एक जण आधीच आला होता. त्याचं गावात छोटं हॉटेल होतं, आणि शनिवारची गर्दी निस्तरली की रविवारी सकाळी तो विमानं उडवायचा. पहिल्या विमानाचे तुकडे रेणुकाबरोबर त्यानेच गवतातून गोळा केले होते. रेणुका गाडीतून रिमोट, बॅटरी काढायला लागली. केरबा विमान छातीशी धरून उभा होता. संदेशने थर्मासमधला चहा त्याच्या पुढे केला.

"आबा, ठेवा की खाली. पळून न्हाई जायचं."

केरबाने विमान गवतावर ठेवलं. मग राहवेना म्हणून, आपलं सहज विचारतोय असं दाखवत त्याने विचारलं, "मागल्या बारीला ते बोल्ट मोडलं म्हनून पडलं नव्हं?"

"कुठले, पंखाचे? छे हो आबा! उलटं. विमान पडलं म्हणून बोल्ट मोडले. वारा फिरला, नाक खाली गेलं. नायलॉन लावतात तो मोडायसाठीच. पंख आपटला की बोल्ट मोडायचा, पंख सुटून बाजूला पडायचा. लोखंडी लावला तर तो मोडत न्हाई. मग पंख मोडतो, नायतर आख्खं पोट फाटतं." संदेशने चहाचा घोट घेतला. "आणि वजन. पुढे थोडं चालतं एकवेळ. पण शेपटीला जड झालं की संपलं. नाक वर करतं, उभं राहतं आणि दगडासारखं खाली येतं. माझं तसंच गेलं पहिलं."

केरबाच्या हातातला कप तसाच राहिला. त्याला स्पोक दिसला. पत्र्याची पट्टी दिसली. अरल्डाइट दिसलं, ज्याचा डाग लुंगीवरून अजून निघाला नव्हता.

रेणुकाने बॅटरी जोडली. शेपटीची पाती वर-खाली करून पाहिली. केरबा तिच्या हातांकडे बघत होता. आता ती बोटांवर उचलेल, त्याला वाटलं. उचलेल आणि शेपूट खाली जाईल आणि तिला कळेल. कळू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

"बॅलन्स बघितलास का, ताई?" संदेशने विचारलं.

"परवाच केलंय. बरोबर आहे."

सांगावं. आत्ता सांगावं. पण ह्या परक्या पोरासमोर? आणि सांगितलं तर तिचा चेहरा तसाच होईल, दार लावायच्या आधी व्हायचा तसा. नाही सांगितलं तर विमान पडेल, आणि पडलं तरी तसाच होईल. दोन्हीकडून दार लागणारच होतं. कदाचित उडेलही, संदेशला काय कळतंय, असंही मनात आलं, आणि तो विचार आल्याची त्याला स्वतःची लाज वाटली. चहाचा कप त्याने न पिताच गवतावर ठेवला. रेणुका गळ्यात रिमोटचा पट्टा अडकवून उभी राहिली. तिने संदेशला खूण केली. संदेश विमान उचलायला वाकला.

"थांब!" केरबा ओरडला.

तो इतक्या जोरात ओरडला की संदेश दचकून मागे सरकला.

"ते उडवू नगं. म्या बोल्ट बदललं. पोलादी हायती. आन् शेपटीला सायकलचा स्पोक बशिवलाय. वर पट्टी मारलीया."

रिमोट गळ्यात तसाच ठेवून रेणुका विमानाजवळ बसली. पंखांखाली बोटं घालून उचललं. शेपूट सरळ खाली गेली. तिने विमान परत ठेवलं, नखाने बोल्टच्या डोक्यावरचा पांढरा रंग थोडा खरवडला आणि खालचं चकचकीत पोलाद पाहिलं.

"रंगपण दिलात?"

"गंज..." केरबा म्हणाला आणि थांबला. "न्हाई. तुला कळू नये म्हनून."

संदेश शहाणा होता. त्याला गाडीपाशी काहीतरी विसरल्यासारखं झालं आणि तो तिकडे गेला.

"का, आप्पा?"

केरबा गवतावर तिच्यासमोर बसला. गुडघे कुरकुरले. आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो बोलला. "मागल्या टायमाला ते बोल्ट मोडलं आन् तू दार लावून घितलंस. साखरपुडा मोडला तवा लावलं हुतंस तसं. मला वाटलं, आता पुन्यांदा काय मोडलं तर तू उठायची न्हाईस. लय भ्या वाटलं, पोरी. मला दुसरं काय येतंय? आवळायला येतं."

रेणुकाच्या ओठांचा कोपरा हलला.

"त्या दिवशी मी दार लावलं ते पंखाचा कागद कापायला, आप्पा. हॉलमधला तुमचा फॅन फुल असतो, दार उघडं ठेवलं की कागद उडतो. दुसऱ्या विमानाची सुरुवात केली मी त्याच संध्याकाळी."

"आन् रडत नव्हतीस?"

"नव्हते. साखरपुड्याच्या वेळी रडले होते. पुष्कळ." तिने एक पोलादी बोल्ट फिरवून बघितला. तो हलला नाही. केरबाने खिशातून पाना काढून मुकाट्याने तिच्या हातात दिला. बोल्ट सैल करता करता ती म्हणाली, "सगळे म्हणतात, रेणुकाचं मोडलं. तुम्हीपण देहूरोडला गेलात, जोडायला. मला तेव्हा तुमचा राग आला होता, आप्पा. फार आला होता. ते मोडलं म्हणून तर मी सुटले. नसतं मोडलं तर आख्खी मीच गेले असते. मोडायचंच होतं ते. बोल्ट होता तो. पंख नव्हता."

वाऱ्याने गवत हलत होतं. हात जोडून दारात उभा राहिलेला तो दिवस केरबाला आठवला. पोरीला विचारलंसुद्धा नव्हतं तेव्हा. चुकलं म्हणावं असं त्याला वाटलं, पण तोंडून वेगळंच आलं. त्याने बामची डबी काढली आणि उघडून पुढे केली. "तुझं बोल्ट. टाकलं न्हाईत."

दोन्ही नायलॉनचे बोल्ट रेणुकाने जागेवर लावले. शेपटीचा स्पोक मात्र हलेना. केरबाने पट्टी उचकटायचा प्रयत्न केला, तर शेपटीचं लाकूड करकरायला लागलं. त्याने घाबरून हात काढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या कामाचा संताप आला.

"राहू द्या," रेणुका म्हणाली. "आता शेपटीला जड आहे तर नाकाला वजन द्यायला हवं." तिने आजूबाजूला पाहिलं, मग हातातल्या पोलादी बोल्टकडे पाहिलं. एक बोल्ट तिने नाकाच्या आत सरकवला, चिकटपट्टी लावली आणि बोटांवर उचलून पाहिलं. अजून शेपूट थोडी खाली. दुसराही घातला. विमान डुललं आणि आडवं थांबलं.

"जड झालंय," लांबून आलेला संदेश म्हणाला. "उडेल. पण उतरताना जोरात येईल, ताई."

"येऊ दे." तिने रिमोट सरळ केला. "आप्पा, तुम्ही सोडा."

"मी? न्हाई गं! संदेश सोडील."

"तुम्हीच. डोक्याच्या वर धरा, वाऱ्याकडे तोंड करा. फेकायचं नाही. दोन पावलं पळायचं आणि सोडायचं."

मोटर घुंईंई करू लागली तसं विमान केरबाच्या हातात थरथरलं. तो पळाला, दोनऐवजी बरीच पावलं पळाला. बोटं उघडत नव्हती. "आप्पा, सोडा!" मागून आवाज आला. त्याने डोळे मिटले आणि बोटं उघडली.

डोळे उघडले तेव्हा विमान गवताला टेकेल इतकं खाली गेलेलं होतं. गेलं, तो म्हणाला. मग ते हळूहळू, कुरकुरत, वर चढायला लागलं. पठाराची कड ओलांडून दरीवर गेलं, वळलं, ऊन लागून पंखांची निळी टोकं चमकली. रेणुका जीभ दातांत धरून नुसती वर बघत होती. केरबाला मात्र वर बघवत नव्हतं आणि खालीही बघवत नव्हतं. उडालं, आता उतरव, तो मनात म्हणत राहिला. बास झालं, उतरव.

उतरताना ते खरंच जोरात आलं. रेणुकाने नाक उचललं, पण वजनाने ते ऐकलं नाही. चाकं गवताला लागली, एका दगडावर उडाली, पंखाचं टोक जमिनीत घुसलं आणि टक्‌ असा कोरडा आवाज झाला.

तो आवाज केरबाच्या ओळखीचा होता. तो धावला. वय विसरून, चप्पल मागे टाकून धावला. पोट एकीकडे पडलं होतं. चार पावलांवर पंख गवतात पालथा होता. केरबाने तो दोन्ही हातांनी उलटा केला. कडेला थोडा कागद फाटला होता. बाकी सगळा पंख, या टोकापासून त्या टोकापर्यंत, धड होता. पोटालाही तडा नव्हता. बोल्ट तेवढे मोडले होते.

तो वळून बघायला भीत होता. मागून पावलं आली. रेणुका त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली, तिने पंखावरून हात फिरवला आणि ती हसायला लागली. मोठ्याने, पठारभर ऐकू जाईल असं. केरबा तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला कळेना की आपल्या गालावरून पाणी का येतंय.

"माझ्या पिशवीत पाकीट आहे नायलॉनच्या बोल्टांचं," ती म्हणाली. "तुम्ही लावा. पुन्हा उडवू."

त्याने पाकीट आणलं. एक बोल्ट भोकात घातला, बोटांनी फिरवला. फिरवत नेला, नेला, आणि तो अडला. खिशातला पाना हाताला लागत होता. अजून एक पाव फेरा मारावा, नुसता पाव, असं बोटांना वाटलं. शेजारी रेणुका त्याच्या हाताकडे बघत होती.

"बास?" त्याने विचारलं.

"बास."

केरबाने बोल्टवरून हात काढला.